अंगणवाडीच्या दारचा मेढा

कोंढ्याच्या अलीकडे रस्त्याला लागून तलाव आणि तलावाला लागून एक गाव आहे. त्या गावात भैयाजी राहतो. आईबापांनी नावातच 'जी' ठेवून दिल्यामुळे त्याला शिवी देणाऱ्यालाही आधी मान द्यावा लागतो. शाळेत गुरुजी हजेरी घेताना नुसतं 'भैया' म्हणाले, तर हा मांडी घालून गप्प बसायचा. 'जी' लावल्यावरच उभा राहायचा. गुरुजींनी एकदा छडी दाखवून विचारलं, की बाबा रे, हे तुला शिकवलं कोणी? तर म्हणाला, वहिनीनं.

वहिनी म्हणजे कुंताबाई. भैयाजीचा थोरला भाऊ धनीराम, त्याची बायको. ती लग्न होऊन आली तेव्हा भैयाजीचं नाक वाहत होतं आणि चड्डीला नाडी नव्हती. सासू-सासरे लवकर गेले, आणि नव्या नवरीच्या पदरात हा तयार पोर पडला. पुढे धनीरामही काविळीनं गेला. कुंताबाईला स्वतःचं लेकरू झालं नाही. भैयाजीचं लग्न जमवायला ती गावोगाव फिरली, पण कुठे पोरीच्या बापाला जमीन कमी वाटली, कुठे यालाच पोरगी उंच वाटली, आणि असं करता करता वय निघून गेलं. मग दीर-भावजय दोघंच एका घरात राहिली. ती रांधायची, तो खायचा. तो चिडायचा, ती हसायची.

शाळेच्या पटांगणात अंगणवाडी निघाली तेव्हा कुंताबाई तिथं मदतनीस झाली. झाडायचं, पुसायचं, खिचडी शिजवायची, पोरांना घरून आणायचं, पोहोचवायचं. आज गावात ज्यांना ज्यांना मिशा आहेत, त्यातल्या बऱ्याच जणांची नाकं तिनं पुसलेली. ऑटोवाला हेमराज तिच्याच हातचा. हा पोरगा लहानपणी तांदळाच्या रिकाम्या कोठीत लपून बसायचा आणि ती शोधायला आली की आतून वाघासारखा गुरगुरायचा. मोठा झाला तरी खोड गेली नाही. एकदा त्यानं गावभर सांगितलं, की तलावाच्या पाळीवर वाघ बसला आहे. थाळ्या वाजवत अर्धं गाव गेलं, तर तिथं बाबूलालचं तांबडं वासरू रवंथ करत बसलेलं. तेव्हापासून हेमराजनं घराला आग लागली असं सांगितलं, तरी लोक आधी धूर पाहतात.

आणि भैयाजी? भैयाजी फवारणीवाला. शेती थोडकी, पण पाठीवर पंप घेऊन तो अख्ख्या गावाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, फवारायचा. पितळी पंपाचा दांडा हलवून हलवून त्याचा डावा खांदा जरा वर राहिला, तो बॅटरीचा पंप आला तरी खाली बसला नाही. तुडतुडे पडले, बोलवा भैयाजीला. खोडकिडा लागला, बोलवा भैयाजीला. तो आला की आधी वारा पाहायचा, मग तोंडाला दुपट्टा बांधायचा आणि वाऱ्याकडे पाठ करून एकेक पट्टा मारत जायचा. काम झालं की एक गोष्ट मात्र कधी चुकवायची नाही. बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर, येण्याजाण्याच्या वाटेवर पळसाची ताजी फांदी रोवायची.

ही त्या गावची जुनी रीत. फांदी दिसली की समजायचं, इथं औषध मारलं आहे. गुरं सोडू नका, भाजी खुडू नका, पाण्यात पाय घालू नका. पळसच का, तर त्याला ढोर तोंड लावत नाही आणि त्याचं जाड पान सावकाश वाळतं. पान वाळून वाजायला लागलं, की बांधी मोकळी. त्यामुळे फवारणीवाल्याला दारोदार सांगत फिरावं लागत नाही. एकदा चिंधूनं फांदी न पाहता बकरी सोडली आणि ती आडवी झाली, तर पंचांनी चिंधूलाच झापलं. भैयाजीला कोणी शब्द बोललं नाही. त्यानं फांदी लावली होती ना, मग झालं.

यंदाच्या पावसाळ्यात अंगणवाडीच्या खोलीत किड्यांनी फार हैदोस घातला. भिंतीला भेगा गेलेल्या, खाली ओल. तांदळात सोंडे, भांड्यांवर झुरळं, दाराच्या चौकटीला वाळवी. कुंताबाईनं आपले उपाय केले. कोठीत कडुनिंबाचा पाला घातला, मुंग्यांच्या वाटेवर हळद टाकली, भेगांत चुना भरला. झुरळांनी तो चुनाही चाटून खाल्ला असेल, असं ती म्हणायची. सेविका शोभाताई कोंढ्याहून यायची. तिनंही वर कळवलं. वरून उत्तर यायचं होतं.

तेवढ्यात सतरंजीखालून गोम निघाली आणि डिंपलच्या मोनाला चावली. चार वर्षांची पोर, बोट सुजून गाजरासारखं झालं. दुसऱ्या दिवशी निम्मी पोरं आलीच नाहीत. आया म्हणाल्या, बाई, खिचडी आम्ही घरीच शिजवू, पण पोरं गोमीच्या तोंडात देणार नाही.

कुंताबाईला हे फार लागलं. संध्याकाळी तिनं दिराच्या ताटात भात वाढला आणि वरण हातातच धरून उभी राहिली.

"साऱ्या गावच्या बांध्या फवारून राहिलास," ती म्हणाली, "माह्या पोरांची एक खोली नाही फवारत?"

भैयाजी म्हणाला, घरात-दारात मी कधी मारलं नाही, ते माझं काम नाही. ती म्हणाली, किडा तो किडाच, धानातला असो की सतरंजीतला. तो म्हणाला, पाहू रविवारी. मग तिनं वरण वाढलं.

रविवारच्या आधी पोळा आला.

पोळ्याला त्या मुलखात काय गडबड असते, ती नव्यानं सांगायला नको. पहाटेपासून बैल तलावावर, शिंगांना रंग, गळ्यात घुंगरं, अंगावर झूल. आणि दारोदार पळसाच्या फांद्या लागतात, त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी मारबत नावाच्या बाहुलीची मिरवणूक काढतात आणि ढेकूण, डास, खोकला, रोगराई सगळं घेऊन जा म्हणून तिला गावाबाहेर घालवतात. त्याच दिवशी तान्हा पोळा: लहान पोरं लाकडी बैल ओढत शाळेच्या पटांगणात जमतात, खाऊ वाटतात.

भैयाजीच्या घरी मात्र बैल नव्हते. म्हातारे झालेले दोन्ही एकामागोमाग एक गेले, आणि आता ट्रॅक्टरवाला इतक्या लवकर चिखलणी करून जातो, की नवी जोडी घेणं झालंच नाही. गाव तलावावर बैल धूत होतं आणि हा घरात हातपाय आखडून बसला होता. कुंताबाई शेजारी करुणाकडे पुरण वाटायला गेलेली. भैयाजीनं खुंटीवरची अंगणवाडीची किल्ली पाहिली. आज खोली बंद, पोरं नाहीत, आपल्याला काम नाही. त्यानं किल्ली काढली, पंप पाठीवर घेतला आणि निघाला.

खोली त्यानं नीट फवारली. बांधीत मारतो तेच औषध, तेच प्रमाण. भिंती कोरड्या नव्हत्या, म्हणून हात थोडा सढळच ठेवला. चौकटी, कोपरे, भेगा, सतरंजी काढून सगळी फरशी. खिडक्या लावून घेतल्या, म्हणजे किडा आतच मरेल. बाहेर येऊन कुलूप लावलं. मग ज्या हातांनी आयुष्यभर केलं तेच केलं. पटांगणाच्या कडेच्या पळसाची चांगली भरलेली फांदी तोडली आणि दाराच्या कडीत खोचली.

त्याच्या दृष्टीनं सांगायचं ते सांगून झालं होतं.

घरी येऊन किल्ली खुंटीवर ठेवली, आंघोळ केली. संध्याकाळी तोरणाखाली बैल उभे राहिले, वाजंत्री वाजली, आणि हा घराबाहेर पडला नाही. कुंताबाईनं पुरणपोळी वाढली. दीर गप्प आहे हे तिनं पाहिलं. बैलांची आठवण येत असेल असं समजून तीही काही बोलली नाही. बैल होते तेव्हा पहिला घास त्यांना असायचा. दोघं खाली मान घालून जेवली. एका वाक्याचं काम होतं. पण आज त्याला बोलतं करू नये असं तिला वाटलं, आणि फांदी लावली म्हटल्यावर वेगळं काही सांगायचं असतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंताबाई झाडू घेऊन अंगणवाडीत गेली. तान्हा पोळा तिथल्याच पटांगणात होता. पाऊस आला तर पोरांना बसायला खोली हवी. वाटेवर प्रत्येक दाराला मेढे होते. अंगणवाडीच्या दारालाही पाहिला तेव्हा तिला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत त्या दाराला कोणी मेढा लावला नव्हता. तिनं झाडू खाली ठेवला, त्या फांदीला हात जोडले आणि कुलूप उघडलं.

करुणा पाणी भरायला हातपंपावर आली होती. तिला कुंताबाईनं दारातूनच हाक मारली, की ये पाहायला, झुरळांचा कसा सडा पडला आहे. भैयानं औषध मारलं वाटतं, सांगितलं पण नाही मेल्यानं. करुणानं नाकाला पदर लावून विचारलं, की वास येऊन राहिला, आताच मारलं काय?

"आता मारलं असतं तर फांदी नसती का लावली त्यानं?" कुंताबाई हसून म्हणाली. "तो बाकी काई विसरंन, फांदी नाही विसरत."

तिच्याच शेजारी, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ ती फांदी होती. करुणालाही तो मेढाच दिसला. त्या सकाळी गावात कोणालाही मेढाच दिसला असता.

मग कुंताबाई कामाला लागली. झुरळं सुपात भरून टाकली. फरशीवर पाणी ओतलं, गुडघे टेकून फडकं फिरवलं, पिळलं, पुन्हा फिरवलं. भिंती हात पोहोचेल तिथवर पुसल्या, कारण पोरं भिंतीला टेकतात. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं झालं. मधे दमली तेव्हा उंबऱ्यावर बसून तळहातावर तंबाखू-चुना मळला आणि गालात धरला. पुन्हा उठली.

दुपारी करुणा तिला घरी पाहायला गेली, तर ती चुलीजवळ आडवी, अंगाला घामाच्या धारा, तोंडातून लाळ. भैयाजी पानठेल्यावर होता, त्याला हाक गेली. हेमराजनं ऑटो काढला. कुंताबाईचं डोकं करुणाच्या मांडीवर, पाय भैयाजीच्या. पवनीच्या दवाखान्यापर्यंत हेमराज एकही गंमत बोलला नाही.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. त्यानं तिच्या पापण्या वर करून पाहिल्या, बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झालेल्या. त्यानं विचारलं, बाई फवारणीला गेल्या होत्या काय? भैयाजी म्हणाला, नाही जी, तिनं कैक वर्षांत बांधीत पाय नाही ठेवला. डॉक्टर म्हणाला, मग हा वास कशाचा? ओलं लुगडं काढा, अंग धुवा.

भैयाजीनं लुगड्याचा ओला काठ नाकाशी नेला. त्या वासाची त्याला कोणी ओळख करून द्यायची गरज नव्हती. त्यानं करुणाकडे पाहिलं. करुणानं सकाळचं सगळं सांगितलं, मेढ्याला हात जोडले तेही सांगितलं. भैयाजी खाली बसला.

सुई दिली, सलाईन लागलं. कुंताबाईनं थोडे डोळे उघडले. भैयाजी तिच्या तोंडाजवळ वाकला.

"वहिनी, तो मेढा नोहोता. काल मीच फांदी लावली. औषध कालचंच होतं."

तिला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तिनं त्याच्याकडे रागानं पाहिलं नाही. तिनं खिडकीकडे पाहिलं. बाहेर आभाळ भरून आलं होतं.

"पानी येईन," ती म्हणाली. "शोभाताईजवळ दुसरी किल्ली हाये. पोरं आत जातीन."

भैयाजीनं शोभाताईला फोन लावला. घंटी वाजत राहिली. पटांगणात लाऊडस्पीकर लागलेला, फोन कोणाला ऐकू येणार? दुसऱ्याला लावला, तिसऱ्याला लावला, तेच. तो म्हणाला, हेमराजला पाठवतो, तो ऑटोनं जाईल, मी तुझ्याजवळ थांबतो. कुंताबाईनं मान हलवली.

"त्याचं कोनी ऐकत नाही. हासतीन. तू जा."

"तुले सोडून कसा जाऊ?"

"जा म्हनलं ना, भैया."

लहानपणी शाळेत जायला रडायचा तेव्हा ती याच आवाजात बोलायची. तो उठला.

करुणा वहिनीजवळ थांबली; हेमराजच्या ऑटोला अर्ध्या वाटेवरच पाऊस लागला. दोघं पटांगणात पोहोचले तेव्हा लोक झाडाखाली, पोरं लाकडी बैल पोटाशी धरून अंगणवाडीच्या ओसरीत, आणि शोभाताईनं दार उघडलेलं. काही आत शिरलीसुद्धा होती. भैयाजी पोरांमधून वाट काढत आत घुसला. मोना कोपऱ्यात बसून आपला बैल फरशीवर फिरवत होती. त्यानं तिला उचललं, बैल हिसकून बाहेर फेकला. ती किंचाळली. बाकीच्यांना त्यानं दंडाला धरून धरून बाहेर ओढलं. लोक धावले. कोणीतरी म्हणालं, पोळ्याची उतरली नाही वाटते अजून. डिंपलनं पोर त्याच्या हातातून घेतली आणि त्याला नाही नाही ते बोलली.

भैयाजी दारात दोन्ही हात पसरून उभा राहिला.

"कोनी आत जाऊ नका. काल मी औषध मारलं. वहिनी पुसाले आली, ते तिकडे दवाखान्यात पडली हाये. माह्यानं झालं."

लाऊडस्पीकर कोणीतरी बंद केला. मग नुसता पाऊस ऐकू येत होता.

त्यानं हातपंपावर पोरांना एकेक करून धुतलं. हात, पाय, तोंड, बैलसुद्धा. हेमराज पंपाचा दांडा मारत होता. शोभाताई साबण लावत होती आणि प्रत्येकाचे डोळे उघडून पाहत होती. पोरं पाण्यात आहेत म्हणून खूश होती. एकालाही काही झालं नाही. शोभाताई नंतर म्हणाली, की फरशी आरशासारखी पुसलेली होती. त्या बाईनं सारं आपल्याच हातांनी उचललं होतं.

शेवटचं पोर धुऊन होत होतं तेव्हा करुणाचा फोन आला. हेमराजनं घेतला, आणि या वेळी त्याच्या तोंडाकडे पाहूनच सगळ्यांनी विश्वास ठेवला. भैयाजीच्या हातात साबण होता. त्यानं त्या पोराचे पाय पूर्ण धुतले, पुसले, त्याच्या आईजवळ दिले. मग पंपाच्या ओट्यावर बसला.

पोलीस आले, विचारून गेले, लिहून गेले. गावानं त्याला दोष दिला नाही. सगळे म्हणाले, आम्हीही मेढाच समजलो असतो. डिंपल येऊन पायाशी बसली, बोलले ते मनावर घेऊ नका म्हणाली. गावानं शिव्या घातल्या असत्या तर भैयाजीला जरा सोपं गेलं असतं. घरी तो भात शिजवतो, दोन ताटं मांडतो, आणि एक परत उचलून ठेवतो.

फवारणीचा पंप त्यानं कोणाला दिला नाही, विकलाही नाही. खांद्यावर मात्र पुन्हा घेतला नाही. बांध्या आता दुसरे फवारतात.

कुंताबाईच्या जागी करुणा लागली. भैयाजी रोज पोरं घरी गेल्यावर अंगणवाडीवर येतो. भिंतीच्या भेगा त्यानं सिमेंटनं बुजवल्या, खिडक्यांना जाळ्या ठोकल्या, सतरंज्या उन्हात टाकून झोडपल्या. तांदूळ बाहेर ओट्यावर पसरतो, चाळतो, सोंडे वेचून काढतो. औषधाचा थेंब नाही. झुरळं कमी झाली आहेत. पण तो उंबरा ओलांडत नाही. आतलं काही असलं तर करुणा बाहेर आणून देते.

परवा तो ओट्यावर तांदूळ चाळत होता. करुणानं चहा आणून ठेवला आणि तिथंच बसली. बऱ्याच दिवसांपासून तिच्या मनात काही होतं. ती म्हणाली, तुमी निघून गेल्यावर थोड्या वेळानं वहिनीनं विचारलं होतं.

भैयाजीचा हात थांबला.

"काय विचारलं?"

"पोरं बाहेर हायेत ना, म्हनून. मले कोठं माईत होतं? तुमी पोचले का नाही, तेबी माईत नोहोतं. मी म्हनलं, हो वो, सारे बाहेर हायेत, भाऊजीनं काढले." करुणानं पदर तोंडाशी धरला. "खोटंच बोलली मी. पन मंग ते सुखानं निजली."

भैयाजीनं चाळणी खाली ठेवली. मग म्हणाला, तेव्हा मी रस्त्यावरच असंन, पाऊस लागला होता.

"पन तुमी पोचले ना," करुणा म्हणाली.

त्यानं मान हलवली. चहा गार झाला होता. तो त्यानं एका घोटात पिऊन टाकला. मग चाळणी पुन्हा उचलली. उद्याच्या खिचडीचे तांदूळ अजून बरेच राहिले होते.